सात सेकंदांची बचत

आमच्या लातुरात पाणी येईल तेव्हा येतं, सर मात्र रोज येतात. भर चौकात उभं राहून नुसतं "सर" म्हणा, पाच जण मागं वळून बघतील आणि त्यातल्या तिघांचा फ्लेक्स त्याच चौकात लागलेला असेल. भूकंपात घरं बसली आणि नंतर क्लास उभे राहिले, आणि घरांपेक्षा भराभर उभे राहिले. हे मी कुत्सितपणे बोलतोय हे कबूल. पण बसलेल्या घरांत आमचंही एक होतं आणि माझं पोट एका क्लासवर चालत होतं, तेव्हा दोन्हीकडून बोलायचा हक्क मला आहे.

क्लासमध्ये माझं काम व्हिडिओ बारीक करण्याचं. हे काम काय असतं ते लोकांना सांगता सांगता माझी दाढी पांढरी व्हायला लागली. आता प्रत्येकाच्या खिशात मोठा फोन आहे. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं, पोरांकडं बोटभर स्क्रीनचे चायनाचे फोन होते तेव्हाचं. आवाज वरातीच्या बँडएवढा, जीव मात्र चिमणीएवढा. त्यात जड व्हिडिओ घातला की फोन आधी तापायचा, मग अडखळायचा आणि अर्ध्या तासात बॅटरी मान टाकायची. खेड्यात लाइट गेलेली असली की मग फोन चार्ज करायला शेजारच्या गावापर्यंत वरात.

ही विद्या मी नांदेडला शिकलो. बारावीत फिजिक्सनं मला आणि मी फिजिक्सला सोडलं, तेव्हा नांदेडच्या बस स्टँडजवळ एका चाचांच्या दुकानात लागलो. त्यांचं दुकान पिढ्यान् पिढ्या घड्याळ दुरुस्तीचं. मोबाइलनं घड्याळं खाल्ली, तेव्हा चाचांनी त्याच टेबलावर कंप्युटर मांडला आणि मेमरी कार्डात गाणी-पिक्चर भरून द्यायला सुरुवात केली. अर्धापूरचे केळीवाले यायचे, कंधारच्या बसचे ड्रायव्हर यायचे. एवढ्याशा कार्डात तीन पिक्चर बसवून पाहिजेत, आणि फोनही तापला नाही पाहिजे.

"मियाँ, फोन गरीब का है, पेट छोटा है उसका," चाचा म्हणायचे. "हिलता सो लिखो, नहीं हिलता सो छोडो."

सगळी विद्या एवढीच. पडद्यावर भिंत हलत नाही, तर ती एकदाच लिहायची आणि पुन्हा पुन्हा तीच दाखवायची. जागा खर्च करायची ती हलणाऱ्या माणसावर. फोनलाही मग कष्ट कमी. चाचा आणखी एक गोष्ट बजावायचे, "मगर पहले पूरा देखो, फिर काटो." पहिली गोष्ट मी चटकन उचलली. दुसरी ऐकली आणि सोडून दिली, कारण तीन तासांचा पिक्चर पुरा बघत बसलो असतो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं.

खरं सांगायचं तर हलकं करण्याचं वेड आमच्या घरातच होतं. औशाकडच्या आमच्या गावात दगडमातीची घरं, वर हातभर मातीचं माळवद. भूकंपात ते सगळं आई-वडिलांच्या अंगावर आलं. मला माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, पायाला धरून ओढून काढलं. मी लहान होतो, मला फारसं आठवत नाही. अक्काला सगळं आठवतं. पुढं ती त्याच गावात नांदली, पुनर्वसनात सरकारनं स्लॅबचं घर दिलं. त्या घरात दाजी झोपतात, ज्वारी झोपते, अक्का मात्र अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये. तिच्या घरात माळा नाही, फळीवर डबे नाहीत, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. "डोस्क्यावर जड नको बाबा," एवढं एकच तत्त्वज्ञान. मीही त्याच तत्त्वज्ञानावर वाढलो. जड ते मारतं, हलकं ते तारतं.

तर हे ज्ञान घेऊन मी लातुरात आलो आणि फिजिक्सच्या एका सरांकडं लागलो. सर म्हणजे मोठं प्रस्थ. ज्यांना लातुरात खोली करून राहणं जमत नाही अशा खेड्यांतल्या पोरांसाठी त्यांनी मेमरी कार्डावर शिकवणी काढली होती. दर रविवारी यायचं, आठवड्याचे तास कार्डात भरून न्यायचे. कल्पना चांगलीच होती. फक्त त्या कार्डात सर आधी होते आणि फिजिक्स नंतर.

प्रत्येक तासाची सुरुवात सत्कारानं. आमच्या मराठवाड्यात शाल-नारळाशिवाय कुणाचं पान हलत नाही हे ठाऊक आहे, पण हा माणूस स्वतःच्या क्लासमध्ये, स्वतःच्याच पैशाच्या नारळानं, आठवड्यातून सहा वेळा सत्कार करून घ्यायचा. व्हिडिओत ते गाडीतून उतरायचे, सावकाश, फार सावकाश. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. खाली "प्रवेश सुरू" अशी पट्टी पळत राहायची आणि कोपऱ्यात क्लासच्या नावाचा सोनेरी गोळा गरगर फिरायचा. तो गोळा तासभर फिरत असे. सर दमायचे, गोळा दमायचा नाही.

आता हिशोब बघा. हलतं ते लिहायचं, हा कायदा. पाकळ्या हलतात, पट्टी हलते, गोळा हलतो, सरांचा चमकणारा शर्ट हलतो. कार्डातली सगळी जागा त्यांनीच खाल्ली. फळा बिचारा गप उभा, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं. त्यामुळं व्हिडिओत एकेक पाकळी मोजून घ्यावी अशी दिसायची आणि फळ्यावर मात्र धुकं. पोरांचे फोन तापायचे ते फिजिक्सनं नाही, सत्कारानं.

मी सरांना एक नमुना करून दाखवला. पाकळ्या, पट्टी आणि गोळा कापला, सेकंदाला पंचवीसऐवजी पाच चित्रं ठेवली. फळा कसा काचेसारखा स्वच्छ दिसत होता. सर स्वतःला बघत राहिले. पाच चित्रांमुळं ते जरा झटक्या-झटक्यानं हलत होते.

"हे मी हाय?" ते म्हणाले. "अरे, हे तर कळसूत्री बाहुलं नाचायलंय."

"सर, फळा बघा की. किती साफ दिसतोय."

"फळा बघायला पोरं येत्यात व्हय? मीच नीट दिसलो न्हाई तर शिकवतंय कोण हे कळायचं कसं?"

विषय संपला. गोळा पुन्हा फिरायला लागला. मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर सरांची नक्कल केली, लोक पोट धरून हसले. ती नक्कल पुढं वर्षभर चालली आणि मी ती दरवेळी थोडी वाढवत नेली.

त्याच वर्षी अक्काची पोरगी, माझी भाची, मेडिकलच्या परीक्षेला बसणार होती. पोरगी हुशार. मामावर गेली नव्हती. दाजी वाईट माणूस नव्हे, पण त्यांनी एकच वर्ष दिलं होतं. लागला नंबर तर डॉक्टर, नाही लागला तर औशाला बी.एस्सी.ला नाव घालायचं आणि स्थळं बघायची. लातुरात ठेवायचं म्हणजे सोबत आई पाहिजे, आणि लातुरातली भाड्याची खोली म्हणजे स्लॅबचीच. मी स्वतः क्लासच्याच एका कोपऱ्यात झोपायचो, माझ्याकडं पोरीला ठेवायची सोय नव्हती. अक्का स्लॅबखाली झोपणार नाही, हे गावाला माहीत होतं. म्हणून पोरीनं पत्र्याच्या शेडमध्ये बसून कार्डावर शिकायचं ठरलं.

पहिलं कार्ड नेलं त्याच्या पुढच्याच रविवारी ती म्हणाली, "मामा, काहीच दिसंना. फुलंच दिसत्यात. आन् दुसऱ्या तासाला फोन बंद पडला."

मला चेव आला. म्हटलं, थांब, तुझ्यासाठी वेगळा माल करतो. सरांना न विचारता तिच्यापुरती एक आवृत्ती करायला घेतली. या आवृत्तीत सरच नव्हते. फळा भरला आणि सर बाजूला झाले की त्या क्षणाचा एक स्वच्छ फोटो घ्यायचा, तो पडद्यावर ठेवायचा आणि मागं नुसता सरांचा आवाज. आवाजातही जिथं कुणी बोलत नाही त्या जागा काढून टाकायच्या. त्यासाठी एक बटण होतं, ते दाबलं की तासभरातली सगळी शांतता गायब. तासाचा तास चाळीस मिनिटांत आणि मूळ व्हिडिओच्या विसाव्या हिश्श्यात बसला. फोन हाताला गारच लागायचा. एका चार्जिंगमध्ये अख्खा दिवस.

आयुष्यात इतका सुबक माल मी कधी केला नव्हता. चाचांना फोन करून सांगितलं. ते खूश झाले, म्हणाले, "पूरा देखा ना?" मी म्हटलं, "हाव चाचा." खोटं बोललो. मी आवाज बंद ठेवून, व्हिडिओ भराभर पुढं पळवत फोटो निवडायचो आणि कानात गाणी लावायचो. कॅमेरा क्लासमध्ये स्टँडवर बसवलेला असायचा, त्यामुळं सरांच्या तासाला मी एकदाही बसलो नव्हतो. ज्या माणसाची नक्कल करून मी गाव हसवत होतो, त्याला शिकवताना मी पाहिलंच नव्हतं.

मधे एकदा भाचीनं विचारलं होतं, "मामा, चेंडूचं गणित पुस्तकात वेगळं दिलंय, सरांनी वेगळं दिलंय."

मी सिस्टिमवर काहीतरी करत होतो. मान वर न करता म्हटलं, "पुस्तक जुनं असंल. सर म्हणत्यात ते लिही."

लातुरात पुस्तकापेक्षा सर मोठे, हे तिलाही माहीत होतं. तिनं लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, तर सर जिथं जिथं थांबून "बरोबर?" विचारतात ते सगळं महत्त्वाचं असणार असं समजून तिनं त्याची वेगळी वही केली, लाल शाईनं, आणि ती पाठ केली.

निकाल लागला. भाचीचा नंबर थोडक्यात हुकला. हुकण्याचं दुःख होतंच, पण पोरगी बुचकळ्यात पडली ती वेगळ्याच गोष्टीनं. ज्या प्रश्नांची तिला शंका होती ते बरोबर आले होते, आणि जे ती डोळे मिटून लिहून आली होती तेच नेमके चुकले होते. ती लाल वही घेऊन लातूरला आली आणि मला काही कळायच्या आत थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग धावलो.

"सर, हे तुम्हीच शिकवलंय," तिनं वही पुढं धरली.

सरांनी वही वाचली. वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच जाऊन क्षणभर थांबतो, त्या क्षणी त्याच्यावरची ओढ शून्य. खाली लाल रेघ, आणि कंसात लिहिलेलं, सरांनी दोनदा विचारलं.

"मी असं शिकवलं?" सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या तासाचं ओरिजिनल लाव."

मी लावलं. सत्कार झाला, पाकळ्या पडल्या, तास सुरू झाला. सरांनी चेंडूचं चित्र काढलं, शेजारी मोठ्ठं शून्य लिहिलं आणि पोरांना दिसावं म्हणून फळ्यापासून बाजूला झाले. इथंच मी फोटो घेतला होता.

"बरोबर?" पडद्यावरचे सर म्हणाले.

"बरोबर!" सगळा वर्ग ओरडला.

"बरोबर?"

"बरोबर!"

आणि मग सर गप्प बसले. हाताची घडी घालून, भुवया वर करून, पोरांकडं नुसतं बघत राहिले. एक पोरगं चुळबुळलं. कुणीतरी मान खाली घातली. मी खालच्या घड्याळात बघितलं, सात सेकंद. मग सर वळले, तळहातानं ते शून्य पुसून टाकलं, आणि सगळा वर्ग कसा फसलो म्हणून खदाखदा हसला. फळ्यासमोर उभं राहून सरांनी खरं उत्तर लिहिलं, पोरांनी ते निमूटपणे उतरवून घेतलं, आणि फळा साफ झाला. या सगळ्यात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. माझ्या बटणानं ते सगळं काढून टाकलं होतं. उरलं होतं ते एवढंच: मोठ्ठं शून्य, "बरोबर!", आणि आनंदानं हसणारा वर्ग.

असं दर तासाला एकदा, वर्षभर. ज्यांच्या कार्डात पाकळ्या होत्या, त्या पोरांना धुरकट का होईना पण पुसलेलं दिसलं होतं.

भाची पडद्याकडं बघत होती. वर्ग हसला तिथं तीही हसली. एकटीच, वर्षभर उशिरा. मग तिनं तोंडाला ओढणी लावली आणि रडायला लागली. मला वाटलं, पुन्हा भूकंप व्हावा आणि या वेळी कुणी माझ्या पायाला धरू नये.

"थांबलं म्हंजे सुटलं न्हवं, पोरी," सर तिला हळूच म्हणाले. "चेंडू थांबला तरी धरणी वढतच असती." तिला त्यांनी पाणी दिलं. मग माझ्याकडं वळले. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"अरे, धडा पुस्तकात बी हाय," ते म्हणाले. "पोरं नांदेडहून, देगलूरहून येत्यात ते माझ्या गप बसण्यासाठी. तू तेवढंच काढून टाकलंस व्हय?"

एवढं बोलून ते गप्प झाले. हाताची घडी, भुवया वर. तेच बघणं. ते बटण तिथं चाललं नाही.

नक्कल मी त्या दिवसापासून सोडली. गोळा मात्र मला अजूनही आवडत नाही आणि सरांनी तो काढलाही नाही. माणूस बढाईखोरच होता. पण शिकवायचा, आणि ते न बघता मी त्याला हसत होतो.

अक्काला सांगायला मीच गेलो. भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसून सगळं सांगितलं, बटणासकट. दाजी खाटेवर बसून ऐकत होते, त्यांना निम्मं कळलं नाही. अक्काला सगळं कळलं.

"तू हलकं करून दिलंस म्हून आम्ही घेतलं," ती म्हणाली. "मला बी हलकंच बरं वाटलं."

मी म्हटलं, "अक्का, चूक माझी हाय. एक वर्ष अजून द्या तिला. समोर बसून शिकू दे."

दाजी म्हणाले, "समोर म्हंजे लातुरात. सोबत कोण ऱ्हाणार?"

भाची दारात उभी होती. अक्कानं पदरानं कपाळ पुसलं आणि दाजींना म्हणाली, "ज्वारीचं तुम्ही बघा. म्या जाते."

महिन्याभरात आम्ही लातुरात खोली बघितली. पत्र्याची खोली शोधली, मिळाली नाही. मिळाली ती एका मोठ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. आजूबाजूला सगळ्या अशाच आया, आपापली पोरं घेऊन आलेल्या, स्टोव्हवर भाकऱ्या थापणाऱ्या. सामान मी वर नेलं. अक्का जिन्यात भिंतीला हात लावून चढली. प्रत्येक पायरीवर थांबत होती. आत आल्यावर खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं वर बघितलं. वीस वर्षांत तिनं डोक्यावर घड्याळ टांगू दिलं नव्हतं.

"वर किती मजले हाईत रे?" तिनं विचारलं.

कमी करून सांगणं हा माझा धंदा. "काहीच नाही, गच्ची आहे" असं जिभेवर आलं होतं. भाची माझ्याकडं बघत होती.

"दोन हाईत अक्का," मी म्हणालो. "आन् वर पाण्याची टाकी."

ती गप्प राहिली. मीही मधे काही बोललो नाही. खाली रस्त्यावर कुठल्यातरी सरांची जाहिरात करत रिक्षा गेली. अक्का वरच बघत होती. मग तिनं वळकटी सोडली.

"पोरीचं अंथरूण कोपऱ्यात खांबाजवळ घाल," ती म्हणाली. "माझं दारात. मला तिला वढायला सोपं पडंल."